दुसऱ्यांदा भाजलेली बिंदगी

मित्रांनो, गळ्यापर्यंत जमिनीत गेलेली एक जुनी बिंदगी तुमच्याशी बोलते आहे. माझे तोंड तेवढे मातीच्या वर आहे आणि त्यावर शहाबादी फरशीचा एक तुकडा झाकण म्हणून ठेवलेला आहे. सकाळी तो तुकडा उचलला जातो तेव्हा मला वाटीएवढे आकाश दिसते. त्या वाटीतून कधी एखादा बगळा जातो, कधी वाटाण्याचे एक पांढरे फूल आत डोकावते. मग पाण्याची धार येते आणि झाकण पुन्हा बसते. उरलेला दिवस मी अंधारात, ओलाव्यात, अर्धवट झोपेत असते.

आमच्या उमरग्याकडे, जिथून कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मोठ्या पोटाच्या आणि आखूड गळ्याच्या मातीच्या घागरीला बिंदगी म्हणतात. पुष्कळांचे मत असे आहे की, साठवणे आणि गळू न देणे हाच भांड्याचा धर्म होय. एके काळी माझेही मत हेच होते आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. आज मला त्या मताविरुद्ध बोलायचे आहे. ते बदलण्यासाठी मला दुसऱ्यांदा आगीत जावे लागले, एवढे सांगितले म्हणजे ते मी सहज बदललेले नाही हे तुमच्या ध्यानात येईल.

माझा जन्म ईरण्णा कुंभारांच्या चाकावर झाला. उन्हाळ्यात तळे आटले की तळाशी जी काळी, चिकण माती उरते, ती त्यांनी आणली, चाळली, तिच्यात राख आणि लीद मिसळून पायांनी तुडवली. चाकावर मी नुसती गिरकी होते. मला पोट आले ते नंतर. त्यांनी आतून दगडी गोळा धरला आणि बाहेरून लाकडी फळीने मला थोपटत थोपटत फुगवले. मग आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, मी एक दिवस आणि एक रात्र भाजली गेले. बाहेर काढल्यावर त्यांनी मला टिचकी मारली आणि कान लावून ऐकले.

मला विकत घ्यायला आलेला तरुण शेतकरी म्हणजे उमाशंकर. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. ईरण्णा त्याला म्हणाले, "नवी हाय, आधी जराशी पाझरंल. दोन येळवशी आंबील भर. मग थेंब गळायचा न्हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातले सारे सुख आणि सारी चूक त्यात होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. थंडीच्या ऐन भरात, रब्बीची पिके गुडघ्याला लागली की ती येते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रानांत माणसे मावत नाहीत. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील रात्रीच तयार होते. उमादेवी, म्हणजे उमाशंकरांची पत्नी, माझ्या अंगावर चुन्याची आणि गेरूची बोटे ओढीत असे. पहाटे उमाशंकर डोक्यावर चुंबळ ठेवून मला उचलीत आणि दवातून चालू लागत. माझ्या पोटात आंबील हलत असे. खाली त्यांचे पाऊल पडे, वर माझ्या आत एक लहानशी लाट उठे. पाऊल आणि लाट, पाऊल आणि लाट. त्या तालावर मला वाटे की मी चालत नसून तरंगते आहे, आणि धुक्याखाली जमीन नसून मोठे शांत तळे आहे.

रानात कडब्याची कोपी उभी असे. तिच्यात चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांची पूजा होई, आरोळी देत रानाभोवती आंबील शिंपडली जाई आणि मग वाटाणा, तूर, घेवडा, मेथी, हरभरा, जे जे हिरवे असेल ते एकत्र करून शिजवलेली भज्जी पानांत पडे. आमचे रान सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून होते. उमाशंकर रस्त्यावर उभे राहत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना अडवीत. "चला, येळवस हाय. जेवल्याबिगर पुढं जायचं न्हाय," असे ते अनोळखी ट्रकवाल्यालाही म्हणत. ज्याला रान नाही त्याला आपल्या रानात बोलावून जेवू घालावे, ही त्या दिवसाची रीत. ते माणूस आणीत आणि मी त्याला आंबील देई. दोन अमावस्यांनंतर माझ्यातून खरोखरच थेंब गळेनासा झाला. अशा बारा अमावस्या मी पाहिल्या.

मग रस्ता रुंद झाला आणि आमचे रान त्याच्याखाली गेले. उमाशंकर उमरग्याच्या कडेला दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. तिथल्या एका दवाखान्यात त्यांना रोग्यांचे नंबर लावण्याचे काम मिळाले. मला त्यांनी माळ्यावर ठेवले. फेकले नाही आणि वापरलेही नाही. त्यानंतरच्या प्रत्येक येळवशीला त्यांनी दवाखान्यातली पाळी स्वतःहून मागून घेतली. "कुनीतरी थांबायलाच पायजे की," एवढेच ते म्हणत. दुसऱ्याच्या कोपीत ते एकदाही जेवायला गेले नाहीत.

त्यांची मुलगी हर्षाली. रान गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता अकरा वर्षांची आहे. आईला ती अव्वा म्हणते, वडिलांना अप्पा. तिच्याजवळ रानाची एकच आठवण होती: धुक्यात अप्पा आपल्यापुढे चालले आहेत आणि त्यांच्या डोक्यावर काहीतरी गोल, ओले, चकाकणारे आहे. ते खरे घडले की स्वप्नात पाहिले, हे तिला ठरवता येत नव्हते. यंदा घटस्थापनेच्या सकाळी ती बोलली, ते मी माळ्यावरून ऐकले.

"अप्पा, यंदा आपन येळवस करू."

"कुठं?"

"मागं."

"मागं कपडे वाळत घालायची जागा हाय, बाई. येळवस रानात असती. तू जा की वैष्णवीच्या रानात. बोलावती ना ती?"

"बोलावती. पर तुमी का येत न्हाय मग?"

चपलेचा आवाज झाला आणि दार लागले.

हर्षालीने घरामागची जागा पावलांनी मोजली: नऊ पावले लांब आणि तीन पावले रुंद. तिच्या मनाने घेतले की भज्जीत पडते ते सारे इथेच पिकवायचे आणि ज्यांची येळवस सुटली त्या अप्पांना त्या दिवशी इथे आणून बसवायचे. वर्गातली मैत्रीण वैष्णवी पाहायला आली आणि हसली. "एवढं रान तर आमच्या शेळ्या एका घासात संपवतील."

"मग शेळ्यांला बी बोलावनं धाडते," हर्षाली म्हणाली आणि खणत राहिली.

अडचण पाण्याची होती. नळाला दर सहाव्या दिवशी पाणी येई. तेव्हा उमादेवींना माहेरची एक गोष्ट आठवली. "आमच्याकडं दोडक्याच्या वेलाजवळ जुना माठ पुरायचे. एकदा भरला की चार दिवस बघायला नको. मातीला लागंल तेवढं पानी ती आपलं आपन वढून घेती."

माळ्यावर मातीचे भांडे एकच होते. अशा रीतीने मी आठ वर्षांनी उजेडात आले आणि त्याच दिवशी जमिनीत गेले. हर्षालीने मला गळ्यापर्यंत पुरले, पाण्याने भरले, आणि माझ्याभोवती दोन हातांचे गोल आळे करून त्यात वाटाणा, घेवडा, मेथी, हरभरा आणि पातीचा कांदा लावला. पहिले पाणी तिने तांब्याने घातले. पाचव्या दिवशी मेथीने मान वर काढली. पुढे ती रोज सकाळी झाकण उचलून आत पाही. मी काठोकाठ भरलेली असे. "अव्वा, एक थेंब बी कमी झाला न्हाय बघ," ती आनंदाने सांगे.

मुलांनो, माझी लाज इथे आहे. मी भरलेली होते, आणि माझ्या अंगाला टेकून बसलेली माती तहानेली होती. मला तिची तहान कळत होती. कोवळी मुळे माझ्या कुशीशी येऊन चाचपून परत जात होती. परंतु बारा वर्षांच्या आंबिलीने माझी सारी बारीक छिद्रे लिंपली गेली होती. ज्या घट्टपणाचा मला गर्व होता, त्याच घट्टपणामुळे माझ्यापासून दोन बोटांवर मेथी पिवळी पडत होती.

दहाव्या दिवशी उमाशंकर दुपारीच घरी आले आणि मागच्या दाराशी थबकले. मातीतून वर आलेले माझे तोंड त्यांनी ओळखले.

"ही हितं?"

"म्याच काढून दिली," उमादेवी आतून म्हणाल्या. "माळ्यावर बसून अंडी घालनार व्हती का?"

ते उकिडवे बसले. आठ वर्षांत त्या माणसाने मातीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आळ्यात घातली, बाहेर काढली आणि पाहिली. बोट कोरडे होते.

"पानी कवा घातलं?"

"रोज बघते मी. भरलेलीच असती," हर्षाली म्हणाली. "जरा बी वाया गेलं न्हाय."

"वाया गेलं न्हाय, म्हनूनच मरायलेत ही. हर्षे, घागरीत बघू नये. मातीत बोट घालावं." मग त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला. "आंबील पिऊन पिऊन बुजलीय ही. सगळं पोटात धरून बसलीय."

मला उकरून काढले गेले. चार दिवस मी उन्हात वाळले. तोवर उमादेवींनी भाजी धुतलेले पाणी वाटीवाटीने घालून रोपे जगवली. पाचव्या दिवशी बापलेक मला घेऊन ईरण्णांकडे गेले. ईरण्णा आता खूप थकले आहेत. दिवाळीच्या पणत्या आव्यात रचीत ते बसले होते. त्यांनी मला टिचकी मारली, कान लावला आणि डोळे मिटले.

"माझीच की ही."

"मामा, हिची छिद्रं मोकळी व्हतील का?" उमाशंकरांनी विचारले.

"आव्यात घातली तर आतलं जळून जाईल. मग पाझरंल. पर जुनं हाड हाय हे. तडकली तर मला बोल लावायचा न्हाय. परवा आवा पेटवतोय. ठिवायची तर ठिव, न्यायची तर ने."

हर्षालीने वडिलांचा सदरा धरला. "नको अप्पा. फुटली तर? मी तांब्यानं घालीन पानी."

"सहा दिसाला येनारं पानी किती तांबे पुरंल?" ते म्हणाले, पण त्यांचा हात माझ्या गळ्यावरून निघेना. शेवटी ते ईरण्णांना हळूच म्हणाले, "रानातलं एवढंच ऱ्हायलंय, मामा."

"बरं. मग आठ वर्सं हिच्यात काय भरलंस?"

"काय न्हाय."

"मंग?"

पणत्या रचणारे हात थांबले नव्हते. उमाशंकरांनी त्या हातांकडे पाहिले. मग त्यांनी माझा गळा सोडला. "घाला," ते म्हणाले.

पहिल्या आगीच्या वेळी मी कोवळी होते आणि मला भय ठाऊक नव्हते. या वेळी होते. माझ्या पोटात, खांद्यावर, काठाखाली चारशे पणत्या रचल्या गेल्या आणि धग चढू लागली. प्रथम माझ्यातला आंबूस वास जागा झाला. बारा अमावस्या एकामागून एक माझ्यातून निघून जाऊ लागल्या: दवाची पहाट, कडब्याचा गंध, कोपीत वाकून शिरणारा अनोळखी माणूस, पाऊल आणि लाट. त्यांचा धूर झाला आणि तो धूर ईरण्णांच्या अंगणावरून संथपणे तळ्याकडे गेला. मला वाटले, आता मी कोण होते हेदेखील मला आठवणार नाही. हे भय निराधार होते. वास जळाला, आठवण जळाली नाही; यावरून त्या दोन वस्तू वेगळ्या आहेत असे मी अनुमान काढते. माझ्या काठाचा अंगठ्याएवढा तुकडा उडाला. बाकी मी शाबूत राहिले.

ईरण्णांनी मला ओट्यावर ठेवून पाणी ओतले. तिघेही पाहत राहिले. काही क्षण काहीच झाले नाही. मग माझे लाल अंग खालून गडद होऊ लागले. पोटावर बारीक बारीक थेंब उभे राहिले.

"घाम फुटला बघ तिला," ईरण्णा म्हणाले.

मी पुन्हा मातीत आले. त्या पहिल्या दिवसाचे वर्णन मला नीट करता येणार नाही. मी काही देत होते असे म्हणणे बरोबर नाही. माती जेवढे मागत होती तेवढेच माझ्यातून जात होते आणि ती ओली झाली की जाणे आपोआप थांबत होते. मग मुळे आली. आधी मेथीचे एक, दोऱ्यासारखे; मग घेवड्याची जाड, मग वाटाण्याची, त्यांच्यामागून कांद्याची पांढरी दाढी. ती माझ्या पोटावर पसरली आणि मला धरून राहिली. वर ऊन कसे आहे, वारा कुठून आहे, हे ती मला कळवीत. डोक्यावरून मिरवताना मी तरंगते आहे असे मला वाटे. आता माझ्यावर एक लहानसे हिरवे जग तरंगत होते.

हर्षालीने झाकणापेक्षा माती पाहण्याची सवय लावून घेतली. रोज सकाळी एक बोट, दुसऱ्या पेरापर्यंत. वैष्णवी पुन्हा आली, हसली नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरातला उन्हाळ्यातला टाकून दिलेला माठ घेऊन आली. गल्लीतल्या आणखी मुलांनी आपापले माठ आणले. दिवाळीपर्यंत नऊ पावलांच्या त्या जागेत आम्ही सात जणी पुरलेल्या होतो आणि प्रत्येकीभोवती कुणाचा तरी हरभरा, कुणाची तरी मेथी होती.

लहान मुलांची बाग म्हणजे खेळ, असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले. मी त्यांना विचारते, बारा दिवस न उगवलेल्या बीजाजवळ रोज जाऊन बसणे याला तुम्ही खेळ म्हणता काय? मोठी माणसे ज्यासाठी हात जोडतात तो धीर मी त्या मुलांच्या बोटांत पाहिला. सगळे साधले असेही नव्हे. हरभऱ्याचे शेंडे वैष्णवीच्या शेळीने खरोखरच खाल्ले. एका माठाजवळची कोथिंबीर का गेली, हे कुणालाच कळले नाही. वाटाणा निघाला तो दोन ओंजळी.

येळवस आली. उमाशंकर नेहमीप्रमाणे पाळी मागून दवाखान्यात गेले होते. हर्षालीने कडब्याच्या पाच पेंढ्यांची कमरेएवढी कोपी उभी केली आणि पाच खडे चुन्याने रंगवले. मी मातीत असल्यामुळे आंबील स्टीलच्या बरणीत होती. एका पातेल्याची भज्जी तयार झाली. मग ती मुलगी नाहीशी झाली. पुढचे मी उमादेवींच्या तोंडून ऐकले.

गाव रानात गेल्यामुळे दवाखान्यात चारच रोगी होते. हर्षाली त्यांच्यामागे ओळीत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा उमाशंकर वहीवरून मान वर न करता म्हणाले, "नाव?"

"हर्षाली उमाशंकर."

"काय हुतंय?"

"काय हुत न्हाय. येळवशीचं बोलावनं हाय. आमच्या रानात जेवायला यावं."

त्यांनी मान वर केली. ते लगेच उठले नाहीत. "जा तू. बघतो," एवढेच म्हणाले.

सूर्य माथ्यावरून ढळला. गल्लीतली मुले पाने मांडून बसली होती, पण हर्षाली वाढू देईना. उमादेवी दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. मुळांतून मला जमिनीचा सगळा हादरा कळतो. रस्त्याने जाणारे ट्रक कळतात, मुलांची धावपळ कळते. आणि मग मला ते पाऊल कळले. बारा वर्षे ज्याच्या तालावर मी हलले ते पाऊल मी विसरणे शक्य नव्हते. मात्र त्याच्याबरोबर आणखी एक पाऊल होते, लंगडत येणारे.

"अव्वा, अप्पांनी पावना आनलाय," हर्षाली म्हणाली.

पायाला पट्टी बांधलेला तो माणूस भूम तालुक्यातल्या ईटचा ट्रकचालक होता, रणधीर नावाचा. जखम बांधून घ्यायला दवाखान्यात आला होता. "म्या नगं म्हनलं," तो उमादेवींना सांगू लागला, "पर ह्यांनी वाटच आडवली. म्हनले, जेवल्याबिगर पुढं जायचं न्हाय." मग त्याने इकडेतिकडे पाहिले. "रान कुठंय?"

"ह्येच," उमाशंकर म्हणाले. त्या एका शब्दात मला आठ वर्षांपूर्वीचा माणूस परत भेटला.

त्यांनी रानाभोवती आंबील शिंपडली. नऊ पावले, तीन पावले, नऊ पावले, तीन पावले; आरोळी पुरी होण्याआधी फेरी संपली आणि मुले हसली. पाहुण्याला पहिले पान वाढले गेले. मग उमाशंकर बरणी घेऊन माझ्याजवळ आले, फरशी बाजूला केली आणि जुन्या सवयीने आंबिलीची धार माझ्या तोंडाशी आणली.

हर्षालीने माझ्या तोंडावर तळहात ठेवला. "अप्पा, आंबील नको. पुन्हा बुजंल ती."

मग बरणी खाली ठेवून त्यांनी तांब्या उचलला.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमी हिला डोक्यावर घेऊन धुक्यातनं चालला व्हता का? का मी सपनात बघितलं?"

"चाललो व्हतो," ते म्हणाले, आणि माझ्यात पाणी ओतू लागले.

तर मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. तुमच्या घरात कुठेतरी एक माठ पडलेला असेल. जिन्याखाली असेल, गच्चीवर उपडा असेल. त्याला गळ्यापर्यंत पुरा. जमीन नसेल तर मोठ्या कुंडीत लहान गाडगे पुरा. भोवती चार दाणे टाका. त्यात पूर्वी काय साठवले होते हे मोठ्यांना विचारा आणि तो पाझरेनासा झाला असेल तर कुंभाराकडे न्यायला भिऊ नका. मात्र तो भरलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सकाळी उठा, बाहेर या आणि मातीत बोट घालून पाहा.

आता झाकण बसते आहे. वर कुणाचे तरी बोट आळ्यात शिरले आहे, दुसऱ्या पेरापर्यंत. ते ओले निघेल, हे मला ठाऊक आहे.